घाटाखालचा रस्ता आणि खालापूरची पावती

पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात त्या मुख्यतः मागे जादा इंजिने जोडून घेण्यासाठी. इंजिने जोडली जाईपर्यंत फलाटावर वडे खपतात, आणि याच थांब्यावर कर्जतच्या वड्याने नाव कमावले. समोर सह्याद्रीची भिंत उभी असते. इथून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरांहून अधिक चढायचे असते आणि तेही फार थोड्या अंतरात. हा चढ ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती कोकण आणि देश यांच्यामधला व्यापार, हे या मुलुखाला फार पूर्वीपासून माहीत आहे. पायथ्याची कोंढाणे लेणी, वरचा राजमाची किल्ला आणि खालापूर तालुक्यातली उंबरखिंड यांचा संबंध घाटवाटांशी आहे. उंबरखिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, ती घाटाच्या चिंचोळ्या वाटेचा फायदा घेऊन. आज कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतून माणसे आणि माल घाटावर जातात ते लोहमार्गाने, जुन्या महामार्गाने आणि द्रुतगती मार्गाने. या मार्गांवर ठिकठिकाणी बोगदे आहेत, आणि द्रुतगती मार्गासाठी खोपोलीपासून थेट कुसगावपर्यंत डोंगराच्या पोटातून नवा रस्ता आखला गेला आहे. कर्जत ते खोपोली आणि पुढे घाट असा हा प्रवास केला की डोंगर कसा फोडला, हे जागोजागी दिसते. त्याचे पैसे कोणी भरले, हे मात्र शोधावे लागते. या लेखाचे म्हणणे त्याच संदर्भात आहे. बोगद्याचा खर्च टोलमधून काढायला हरकत नाही, उलट तो मार्ग इतर मार्गांपेक्षा सरळ आहे. पण त्यासाठी वसुली त्या बोगद्याशी बांधलेली हवी, तिचा हिशोब वेगळा हवा आणि तिला शेवट हवा. खालापूरच्या टोलनाक्यावर या तिन्ही गोष्टी विरून गेल्या आहेत.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते, कारण बिल दुसऱ्याच्या नावावर फाडण्याची रीत इथे तिनेच घालून दिली. कर्जत सोडले की पळसदरीला खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि मुख्य मार्ग जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ, मंकी हिल असा चढत खंडाळ्याला पोहोचतो. जेम्स बर्कले या मुख्य अभियंत्याने आखलेल्या या चढाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे आणि सदतिसास एक असा चढ. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. त्याने काम सोडले. नंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे पोहोचल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावावर चालवून काम तडीस नेले. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकी, ताप, सुरुंगाचे अपघात यांनी त्यांतले हजारो मेले. त्यांच्या नावाचा दगड नाही. आहे ते जुन्या रस्त्यावरचे शिंग्रोबाचे देऊळ. इंग्रजांना वाट दाखवणाऱ्या आणि त्यापायी जीव गमावणाऱ्या धनगराचे म्हणून लोकांनी ते मानले आहे. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा कितपत टिकेल हा प्रश्न वेगळा. पण घाटाची किंमत कोणी मोजली, याबद्दल स्थानिकांचे मत काय होते ते तिच्यातून स्वच्छ कळते. पैशांच्या बाजूने पाहिले तरी चित्र तसेच आहे. हा लोहमार्ग बांधणाऱ्या जीआयपी कंपनीला १८४९ च्या कराराने भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी मिळाली होती. नफा कमी पडला तर तूट सरकारी तिजोरीतून, म्हणजे इथल्या शेतसाऱ्यातून भरली जाई. लंडनच्या भागधारकाला जोखीम नव्हती. जो शेतकरी आयुष्यात कधी गाडीत बसणार नव्हता, त्याच्या माथ्यावर मात्र ती होती. टोलला नावे ठेवताना ही तुलना जवळ असू द्यावी.

पळसदरीहून खोपोलीचा फाटा केळवली, डोलवली, लौजी असा सपाटीवरून जातो. डाव्या हाताला डोंगर सतत सोबत करतो. खोपोलीत उतरले की डोंगरावरून खाली आलेले जाड पाइप दिसतात. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांचे पाणी या पाइपांतून टाटांच्या वीजकेंद्रात येते. १९१५ पासून ते मुंबईला वीज देत आले आहे. वीज करून झाल्यावर हेच पाणी पाताळगंगेत सोडले जाते, आणि खालच्या अंगाची वस्ती व कारखाने तिच्यावर चालतात. कर्जतकडे भिवपुरीतही हीच गोष्ट. ठोकरवाडीच्या तलावाचे पाणी १९२२ पासून तिथे वीज करून उल्हास नदीत जाते, आणि कर्जतची उल्हास उन्हाळ्यात वाहती राहते ती बव्हंशी त्यामुळे. म्हणजे हे दोन्ही तालुके डोंगराच्या माथ्यावर साठवलेल्या आणि डोंगराच्या पोटातून खाली आणलेल्या पाण्यावर बारमाही जगतात. द्रुतगती मार्गासाठीचा नवा बोगदा नेमका लोणावळा तलावाच्या खालून, शंभर मीटरहून अधिक खोलीवरून जातो. म्हणून इथे पाण्याची शंका काढणारा माणूस विकासाचा शत्रू ठरत नाही. ती शंका आराखड्यातच असायला हवी.

खोपोलीहून खालापूरकडे आले की द्रुतगती मार्गाचा टोलनाका लागतो. कळंबोली ते किवळे हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि २००२ मध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याच्यावर भाताण, माडप, आडोशी, खंडाळा आणि कामशेतचे दोन असे बोगदे आहेत. त्यांतले माडप आणि आडोशी हे खालापूर तालुक्यातले. देशातल्या पहिल्या सहा पदरी द्रुतगती मार्गाने मुंबई–पुणे प्रवासाचा काळ जवळजवळ निम्म्यावर आणला, याचे श्रेय द्यायलाच हवे. मात्र त्याच्या आखणीत एक जागा कच्ची राहिली आणि ती सर्वांत अवघड ठिकाणीच राहिली. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत द्रुतगती मार्गाचे सहा पदर आणि जुन्या महामार्गाचे चार पदर एकाच सहा पदरी रस्त्यात ओतले जातात. दहा पदरांची वाहने सहा पदरांत, त्यातही चढ, वळणे आणि दमलेले ट्रक. शनिवारी सकाळी आणि पावसाळ्यातल्या कोणत्याही सुट्टीला इथे काय होते, हे मुंबई-पुणेकरांना सांगायला नको. जुलै २०१५ मध्ये आडोशीजवळ दरड चालत्या वाहनांवर कोसळून माणसे मेली. जुलै २०२३ मध्ये तिथेच पुन्हा दरड आली. त्याच आठवड्यात, १९ जुलैच्या रात्री, याच तालुक्यातल्या इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी गाडली गेली. शोध थांबवला तेव्हा सत्तावीस मृतदेह सापडले होते आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता होती. वाडीचा आणि रस्त्याचा थेट संबंध जोडणे चूक ठरेल. पण पावसाने भिजलेले हे उतार किती बेभरवशाचे आहेत, याचा याहून मोठा पुरावा नको. जाळ्या ठोकून आणि सैल दगड पाडून उताराची डागडुजी दरवर्षी करता येते, तिला अंत मात्र नाही. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीचा फायदा घेऊन १८३० सालचा अमृतांजन पूल पाडला गेला, तेव्हा वळणावरची अडचण थोडी सैल झाली. मुळातली कोंडी होती तिथेच राहिली.

म्हणून उताराच्या अंगावरून जाण्याऐवजी डोंगराच्या आतून जाणे, हा निर्णय मला योग्य वाटतो. ‘मिसिंग लिंक’ या नावाने ओळखला जाणारा हा रस्ता खोपोलीजवळ फुटून कुसगावला पुन्हा द्रुतगती मार्गाला मिळतो. एकोणीस किलोमीटरचे अंतर त्यामुळे १३.३ किलोमीटरवर येते आणि अंदाजे वीस ते पंचवीस मिनिटे वाचतात. त्यात दोन बोगदे आहेत. पहिला पावणेदोन किलोमीटरच्या आसपासचा, दुसरा जवळजवळ नऊ किलोमीटरचा. प्रत्येक दिशेला स्वतंत्र नळी, प्रत्येक नळीत चार पदर. नळीची रुंदी २३.७५ मीटर असल्याने रुंदीच्या बाबतीत हे जगातल्या मोजक्या बोगद्यांत बसतात. दोन बोगद्यांच्या दरम्यान उंच पूल आहेत. टायगर व्हॅली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दरीवरचा पूल तारांनी तोललेला असून त्याच्या मनोऱ्यांची उंची १८० मीटरांच्या घरात आहे. बोगद्यांचे काम नवयुग कंपनीकडे, पुलांचे अ‍ॅफकॉन्सकडे. खालापूर टोलनाक्यापासून खोपोलीपर्यंतचा सध्याचा द्रुतगती मार्गही आठ पदरी करणे याच योजनेत आहे. मंजूर खर्च ६,६९५ कोटी रुपये. काम २०१९ मध्ये सुरू झाले आणि पूर्ण होण्याची तारीख अनेकदा पुढे गेली. तारखा पुढे जाण्यात महासाथीचा वाटा होता, तसा दरीतल्या वाऱ्याचा आणि घाटातल्या पावसाचाही होता.

खोदकामाची पद्धत मुंबईतल्या मेट्रोसारखी नाही. तिथे गोल तोंडाचे अवजड यंत्र जमीन कुरतडत पुढे जाते. इथे खडकात भोके पाडून सुरुंग लावायचा, धूर निघून गेल्यावर डबर उपसायचे, उघड्या पडलेल्या छताला लोखंडी बोल्ट ठोकायचे, वर काँक्रीटचा फवारा मारायचा, आणि पुन्हा पुढचा सुरुंग. तेवीस मीटरांहून रुंद पोकळी एका दमात काढता येत नाही. आधी वरचा भाग, मग खालचा, असे टप्पे पाडावे लागतात. सह्याद्रीचा खडक हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला लाव्हा आहे. घट्ट काळा पाषाण असेल तर तो छत चांगले पेलतो. पण दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पातळ पट्टा येतो, कुठे सच्छिद्र खडक येतो, कुठे उभी भेग. पाणी शिरते ते अशा जागांतून, आणि छतही तिथेच दगा देते. म्हणजे नऊ किलोमीटरच्या बोगद्याचा खर्च आधी नेमका सांगता येत नाही. आत गेल्यावर खडक जसा निघेल तसा तो बदलतो. बोगद्याच्या टोलबद्दल बोलताना ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण खर्च अनिश्चित असला की वसुलीची मुदत ताणण्याला सबब आयतीच मिळते.

आता खालापूरची पावती. मोटारीला द्रुतगती मार्गाच्या संपूर्ण लांबीसाठी २०११ मध्ये १६५ रुपये पडत, २०१४ मध्ये १९५, २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७० आणि १ एप्रिल २०२३ पासून ३२०. दर तीन वर्षांनी सुमारे अठरा टक्के, हे वेळापत्रक २००४ च्या अधिसूचनेतच ठरले आहे. वाहने किती वाढली, देखभालीला किती लागले, मूळ खर्च किती फिटला, यांचा त्या वाढीशी संबंध नाही. २००४ मध्ये आयआरबी कंपनीने ९१८ कोटी रुपये आगाऊ देऊन पंधरा वर्षांच्या वसुलीचा हक्क घेतला. ती मुदत ऑगस्ट २०१९ मध्ये संपली. वाहनचालकांच्या कल्पनेप्रमाणे तेव्हा टोल थांबायला हवा होता. प्रत्यक्षात २०२० मध्ये जुन्या महामार्गासह हा हक्क पुन्हा दिला गेला, ३० एप्रिल २०३० पर्यंतच्या वसुलीसाठी, ८,२६२ कोटी रुपयांना. आणि नव्या रस्त्याच्या खर्चाचा आधार घेऊन द्रुतगती मार्गावरची वसुली २०४५ पर्यंत नेण्याचे ठरले. यातल्या दोन आकड्यांकडे एकत्र पाहावे. एका दशकाच्या वसुलीचा हक्क विकून महामंडळाला मिळायची रक्कम ही संपूर्ण मिसिंग लिंकच्या मंजूर खर्चाहून मोठी आहे. ती रक्कम याच कामावर खर्च झाली असे नाही. महामंडळाची इतर देणी आणि इतर रस्तेही आहेत. पण घाटातल्या कोंडीत इंजिन बंद करून बसलेला प्रवासी एका दशकात किती देतो, याचे प्रमाण त्यावरून कळते. या पैशातून बोगद्याचे किती फिटले, हे पावतीवर कळत नाही, नाक्यावरच्या फलकावरही कळत नाही. वसुली झालेल्या रकमेचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेने न्यावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

यावर पहिला आक्षेप असा की टोलच नको. इंधनावर अधिभार आहे, गाडी घेताना कर आहे, मग रस्त्यासाठी तिसऱ्यांदा पैसे कशाला? हा आक्षेप लोकप्रिय आहे आणि साध्या रस्त्यांच्या बाबतीत त्यात तथ्यही आहे. पण नऊ किलोमीटरचा बोगदा हा साधा रस्ता नव्हे. त्याला दिवे आणि पंखे चोवीस तास लागतात, अग्निशमन आणि देखरेख कायम लागते, आणि पन्नास वर्षांनीही लागेल. हा खर्च सर्वसाधारण करातून काढला तर कर्जत तालुक्यातली, कधी मोटारीत न बसलेली ठाकर बाई पुण्याला आठवड्याला जाणाऱ्या मोटारीचा भार उचलते. जीआयपीच्या पाच टक्क्यांचीच ही नवी आवृत्ती झाली. अटल बोगद्यावर टोल नाही, कारण रोहतांगखालच्या त्या रस्त्यामागे सैन्याची गरज होती. चेनानी–नाशरीचा सव्वानऊ किलोमीटरचा बोगदा टोल घेतो. मुंबई–पुणे प्रवासाला लष्करी निकड नाही. वेळ वाचवणाऱ्याने त्या वेळेचे पैसे द्यावेत, यात अन्याय नाही.

पण मग त्याच न्यायाने बोगद्याचे पैसे बोगद्यातून जाणाऱ्याने द्यावेत. दुसरा आक्षेप इथे येतो. महामंडळाच्या बाजूने असे म्हणता येईल की वेगळा टोल लावला तर लोक जादा टोल नसलेल्या जुन्या घाटाने जातील, बोगदा ओस पडेल आणि कोंडी कायम राहील. वसुली संपूर्ण मार्गावर पसरली की हा धोका टळतो. हा मुद्दा खरा आहे, आणि त्याचा पुरावा सिडनीत सापडतो. शहराच्या मध्याखालून जाणारा तिथला क्रॉस सिटी बोगदा २००५ मध्ये सुरू झाला. रोज नव्वद हजार वाहने येतील असा अंदाज होता, आली सुमारे तीस हजार. वाहने बोगद्याकडे वळावीत म्हणून वरचे रस्ते अरुंद केले, त्यावरून शहर चिडले, आणि दीड वर्षाच्या आत कंपनी कर्जदारांच्या ताब्यात गेली. ब्रिस्बेनच्या क्लेम सेव्हन बोगद्याचेही २०११ मध्ये तेच झाले. पण सिडनीचा धडा आपल्याला अर्धाच लागू पडतो. तिथे वरचे रस्ते वाहते होते, इथे जुना घाट आधीच तुंबलेला आहे. वीस मिनिटांची बचत आणि दरडीपासूनची सुटका मिळत असेल तर मुंबई-पुण्याचा प्रवासी बोगदाच निवडेल, वाजवी दर असला तरी. आणि मुळात वसुली सरसकट पसरवली, तर भार सरकतो कोणाकडे? पनवेलला कामाला जाऊन रोज खोपोलीकडे परतणाऱ्याकडे. टप्प्यानुसार त्याचा दर कमी असतो हे खरे, पण तोही त्याच अठरा टक्क्यांनी वाढतो आणि तितकीच वर्षे चालतो. तो नव्या बोगद्याच्या तोंडापाशी उतरतो. सुरुंगांचे हादरे आणि डबर वाहणारे डंपर ज्या गावांनी सोसले, त्यांतल्याच एखाद्या गावात त्याचे घर असते.

तिसरी शंका आगीची. ती बोगद्याच्या विरोधात नव्हे तर टोलच्या बाजूने बोलते. माँ ब्लाँ बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी पीठ आणि मार्गारीन वाहणारा ट्रक पेटला आणि एकोणचाळीस माणसे मेली. तो साडेअकरा किलोमीटरचा, एकाच नळीतून दोन्ही दिशांची वाहतूक करणारा, टोल घेणारा बोगदा होता. सुटकेसाठी समांतर मार्ग नव्हता आणि धूर ओढण्याची व्यवस्था अपुरी पडली. पुढे गोथार्डमध्ये २००१ साली समोरासमोर धडक होऊन लागलेल्या आगीत अकरा जण गेले. आपल्या बोगद्यात दिशा वेगळ्या आहेत, दोन नळ्या आडव्या वाटांनी जोडलेल्या आहेत, म्हणजे या दोन्ही अपघातांचे मूळ आराखड्यातच टाळले आहे. राहतो तो पंखे, पाणी, कॅमेरे आणि माणसे रोज सज्ज ठेवण्याचा खर्च. ही सज्जता कंत्राटदाराच्या नफ्यातून उरेल तेव्हा करायची गोष्ट नव्हे. बोगद्याच्या टोलमधला ठरावीक हिस्सा तिच्यासाठी बाजूला काढणे बंधनकारक असले पाहिजे, आणि भांडवल फिटल्यावर टोल घटून तेवढाच उरला पाहिजे.

असे हिशोब अशक्य नाहीत, हे कर्जतमध्येच दिसते. पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आहे. २९.६ किलोमीटर लांब, चौक आणि मोहपे वगैरे स्थानके, खर्च २,७८२ कोटींच्या घरात, भार केंद्र आणि राज्य यांच्यावर निम्मा निम्मा. त्यातला वावर्ले बोगदा २,६२५ मीटरचा असून मुंबईच्या उपनगरी जाळ्यात तो पारसिकपेक्षा लांब आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी लोकलच्या तिकिटात अधिभार घेतला जातो. म्हणजे कर्जतचा रोजचा प्रवासी टोल देतच आला आहे, फक्त तो नाक्यावर थांबून देत नाही. फरक इतकाच की त्याच्याकडून घेतलेली रक्कम निदान कोणत्या योजनेच्या नावाने घेतली, हे लिहिलेले असते.

खालापूरच्या नाक्यावरही एवढे करता येईल. द्रुतगती मार्गाचा मूळ टोल आणि बोगद्याचा टोल पावतीवर वेगळा, बोगद्याच्या खात्यात आजवर जमा किती आणि बाकी किती हे दर वर्षी जाहीर, आणि खोपोलीला उतरणाऱ्याला दुसरी ओळ लागू नाही. पाण्याच्या पातळीची नोंद करणाऱ्या विहिरींचे आकडेही त्याच वार्षिक पत्रकात द्यावेत. बोगद्यात झिरपणाऱ्या पाण्याचे मोजमाप खोपोलीच्या आणि आसपासच्या ग्रामस्थांना कळायला अडचण नसावी. सध्याचा वसुली करार ३० एप्रिल २०३० रोजी संपतो आणि त्यानंतर २०४५ पर्यंतच्या पंधरा वर्षांची निविदा निघेल. या अटी तिच्या मसुद्यात शिरायला हव्यात, आणि मसुदा निविदेच्या दोन-तीन वर्षे आधीपासूनच तयार होऊ लागतो.